वाऱ्याच्या खालच्या अंगाला

फ्रान्सच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात पाण्याकडे पाहिले, की दूरवर पिवळ्या गोल बोयांची एक रांग दिसते. ती किनाऱ्यापासून ३०० मीटरवर असते. रांगेच्या आत पाच नॉटपेक्षा, म्हणजे ताशी साधारण सव्वानऊ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने काही चालवायचे नाही, हा तिथला नियम. सव्वानऊ किलोमीटर म्हणजे सावकाश धावणाऱ्या माणसाचा वेग. आतले पाणी पोहणाऱ्यांचे आणि लाटांशी खेळणाऱ्या मुलांचे, बाहेरचे पाणी वेगाचे, अशी ही वाटणी. मोटारबोटी डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा हिशेब बरीच वर्षे नीट चालला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याच किनाऱ्यांवर एक नवा खेळ उतरला आणि हिशेब अडला. या खेळाला इंजिन नव्हते, आणि पाच नॉटांनी तो चालतच नव्हता.

काइटबोर्डिंगमध्ये माणूस एका आखूड फळीवर पाय अडकवून उभा राहतो आणि कमरेच्या पट्ट्याला जोडलेला मोठा पतंग त्याला पाण्यावरून ओढत नेतो. पतंग कापडाचा असतो, पण त्याची पुढची कड आणि फासळ्या हवा भरून फुगवलेल्या असतात. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. ही युक्ती ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांची. त्यांनी १९८४ च्या नोव्हेंबरात तिचे पेटंट नोंदवले. बाजारात मात्र असा पतंग नीट आला तो १९९७ मध्ये, ‘विपिका’ या नावाने. पतंगाचा आकार वाऱ्याप्रमाणे निवडतात: जोराच्या वाऱ्यात पाच-सहा चौरस मीटरचा, मंद वाऱ्यात पंधरा-सतरा चौरस मीटरचा. त्याला चार किंवा पाच दोऱ्या असतात, प्रत्येक साधारण २० ते २५ मीटर लांब. दोऱ्या डायनीमासारख्या धाग्याच्या असतात, जाडीला बारीक आणि ताकदीला अशा, की एकेक दोरी दोन-तीन माणसांचे वजन सहज पेलते. मांजाने गळे चिरल्याच्या बातम्या आपण दर संक्रांतीला वाचतो. या दोरीला काचेची धार नसते, पण ती ताणलेली असताना कातडीवरून सरकली तर खोल जखम करते.

आता हा पतंग आकाशात कुठे कुठे जाऊ शकतो ते पाहू, कारण सगळ्या नियमांचे मूळ तिथे आहे. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. तुमच्यासमोर, दोऱ्यांच्या लांबीइतक्या त्रिज्येचा, घुमटाचा एक भाग आहे अशी कल्पना करा. पतंग फक्त त्या भागात उडू शकतो, तुमच्या पाठीमागे कधीच नाही. घुमटाच्या माथ्यावर आणि दोन्ही कडांना ओढ कमी असते. मधोमध, थेट वाऱ्याच्या दिशेला आणि जरा खाली, ती सर्वांत जास्त असते. पतंग तिथून वेगाने गेला, की माणूस फळीसकट पुढे फेकला जातो. तोल गेला, दोरी तुटली, पतंग सोडून द्यावा लागला, काहीही बिघडले तरी सगळे काही एकाच दिशेला जाते. ती दिशा म्हणजे वाऱ्याची खालची बाजू.

म्हणून काइटबोर्डरच्या वरच्या अंगाला दहा मीटरवर पोहणारा माणूस तुलनेने सुरक्षित असतो, आणि खालच्या अंगाला तीस मीटरवर पोहणारा नसतो. ‘पोहणाऱ्यापासून इतके मीटर लांब राहा’ हा चारी दिशांना सारखा लागू होणारा नियम बोटीला पुरतो, या खेळाला पुरत नाही. एखाद्या किनाऱ्याचा नियम चांगला आहे की नुसता लिहिलेला आहे हे ओळखायचे असेल, तर मी त्यात एकच गोष्ट शोधतो: नियम करणाऱ्याने तिथला वारा पाहिला आहे का?

अडचण अशी, की या खेळाला आणि पोहण्याला एकच वेळ, एकच ऋतू आणि एकच वारा आवडतो. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. तोच पोहायला आलेल्यांना गारवा देतो आणि तोच काइटबोर्डरला हवा असतो. त्या वाऱ्यात काइटबोर्डरच्या खालच्या अंगाला काय असते? माणसांनी भरलेली पुळण.

वेगाचा हिशेब करून पाहू. वीस नॉट हा या खेळात रोजचा वेग आहे, ताशी सुमारे ३७ किलोमीटर. म्हणजे सेकंदाला दहा मीटरहून थोडे जास्त. पन्नास मीटर पाच सेकंदांत संपतात, तीनशे मीटर अर्ध्या मिनिटात. पोहणारा माणूस या पाच सेकंदांत तीन-चार मीटरसुद्धा सरकत नाही. पाण्याबाहेर त्याचे फक्त डोके असते, आणि लाटांच्या चमचमाटात ते दिसणे सोपे नसते. सर्वोच्च वेगाची गोष्ट तर निराळीच. नामिबियातल्या ल्युडेरिट्झ इथे ऑक्टोबर २००८ मध्ये सेबास्तियन कात्तेलान या फ्रेंच काइटबोर्डरने ५०० मीटरच्या धावेत ५०.२६ नॉट गाठले. पाण्यावर, वाऱ्याने चालणाऱ्या कोणत्याही साधनाने ५०० मीटरच्या धावेत पन्नासचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ होती.

वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. बारा नॉटांचा वारा चोवीस झाला की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. हे पुस्तकातले गणित किनाऱ्यावर कसे दिसते याचे एक उदाहरण २००८ च्या ऑगस्टमध्ये जगाने पाहिले. ‘फे’ हे उष्णकटिबंधीय वादळ जवळ येत असताना फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे एका काइटबोर्डरला अचानक आलेल्या झोताने उचलले, पुळणीवर आपटले आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नेऊन आदळले. तो वाचला, पण जबर जखमी झाला. वारा समुद्राकडून येत होता आणि खालच्या अंगाला शहर होते. त्या क्षणी त्या वाळूवर एखादे कुटुंब बसलेले असते, तर काय झाले असते हे वेगळे सांगायला नको.

सुरुवातीच्या पतंगांची ओढ एकदम तोडता येत नसे. त्या काळात झालेल्या अपघातांमुळे अनेक नगरपालिकांनी सरसकट बंदीचे फलक लावले, आणि ते समजण्यासारखे होते. २००५ च्या सुमारास पतंगाचा आकारच बदलला. हातातला दांडा दूर ढकलला की ओढ जवळजवळ संपते असे पतंग आले, आणि त्यामागेही ब्रुनो लेगेन्यू यांचेच काम होते. एका झटक्यात पतंग निकामी करणारी कळ प्रत्येक पट्ट्यावर आली. २०२० मध्ये या कळीसाठी ‘आयएसओ २१८५३’ हे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. ही प्रगती खरी आहे आणि तिने जीव वाचवले आहेत. पण कळ ओढणाऱ्याचा जीव ती आधी वाचवते. पूर्ण सुटलेला पतंग दोऱ्यांसह वाऱ्याच्या खालच्या अंगालाच जातो. तंत्र सुधारले म्हणून जागेचा प्रश्न सुटला, असे म्हणूनच होत नाही.

फ्रान्समध्ये हा जागेचा प्रश्न कोण सोडवते ते पाहण्यासारखे आहे. ३ जानेवारी १९८६ च्या किनारा कायद्याने पाण्याच्या कडेपासून ३०० मीटरपर्यंत, पोहणे आणि किनाऱ्यावरून पाण्यात उतरणारी नोंदणी नसलेली साधने, यांचा बंदोबस्त गावाच्या महापौराकडे दिला. त्यापलीकडचा समुद्र आणि मोटारबोटींची वाहतूक सागरी प्रीफेक्टकडे. हे अधिकारी तीनच आहेत: शेर्बूर, ब्रेस्त आणि तुलाँ इथे बसणारे. पण एखाद्या पुळणीसमोरच्या बोया लावायच्या तर दोघांचे आदेश लागतात आणि ते एकमेकांशी जुळावे लागतात. दोन्ही मिळून त्या किनाऱ्याचा एक आराखडा बनतो: इथे फक्त पोहणे, इथे इंजिनाला मनाई, इथून होड्यांची वाट, इथून काइटची वाट. आराखडा नकाशासह गावाच्या सूचनाफलकावर आणि पुळणीच्या तोंडाशी लावतात.

मला या पद्धतीतले सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की निर्णय गावात होतो. पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाला कुठल्या गावच्या पुळणीवर दुपारी वारा कुठून येतो, ओहोटीला वाळूचा पट्टा किती उरतो, शाळेची मुले कुठे पोहायला शिकतात, हे कळणे शक्य नाही. गावच्या माणसाला ते माहीत असते. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. शेजारच्या दोन गावांचे नियम वेगळे असू शकतात आणि पाण्यावर गावाची वेस दिसत नाही. बाहेरून आलेल्याने फलक वाचलाच पाहिजे.

फलक न वाचणाऱ्यासाठी, किंवा भाषा न येणाऱ्यासाठी, झेंडे असतात. वर लाल आणि खाली पिवळा अशा दोन झेंड्यांमधले पाणी पोहणाऱ्यांचे. त्यावर जीवरक्षकाची नजर असते. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा फळ्या, होड्या आणि पतंगांच्या पाण्याची हद्द दाखवतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर अनेक देशांत या रंगांचा अर्थ असाच होता. फ्रान्समध्ये पोहण्याच्या जागेची खूण पूर्वी निळे झेंडे होती. २०२२ मध्ये त्या देशानेही आंतरराष्ट्रीय रंग स्वीकारले. सोबत एक नारिंगी वातदर्शक पिशवीही आली: ती वर चढली असेल तर फुगवलेली खेळणी आणि गाद्या पाण्यात न्यायच्या नाहीत, वारा ओढून नेईल. गोव्यात किंवा परदेशात पोहायला जाणाऱ्या आपल्या लोकांनी काळा-पांढरा झेंडा लक्षात ठेवावा. लाल झेंड्याचा धाक आपल्याला ठाऊक आहे. काळ्या-पांढऱ्याचा अर्थ ठाऊक नसल्याने मोकळे पाणी पाहून तिथेच उतरणारे पर्यटक सगळीकडे दिसतात, आणि तिथे पाणी मोकळे असण्याचे कारण वेगाने येणाऱ्या फळ्या हेच असते.

आता सुरुवातीच्या पेचाकडे येऊ. तीनशे मीटरच्या आत पाच नॉटांची मर्यादा, आणि काइटबोर्ड पाच नॉटांनी चालत नाही. फळीने पाण्यावर उचलून घसरायचे तर तिला याहून बराच जास्त वेग लागतो. त्याखाली ती माणसासकट बुडते. स्पेनचा नियम तर आणखी कडक. २०१४ च्या तिथल्या किनारा नियमावलीनुसार जिथे बोया लावलेल्या नाहीत तिथे पुळणीसमोरचा २०० मीटरचा पट्टा पोहण्याचाच मानायचा, खडकाळ किनाऱ्यावर ५० मीटरचा, आणि त्यात तीन नॉटांहून जास्त वेग नको. अक्षरशः पाळायचे ठरवले तर काइटबोर्डरला पाण्यात उतरताच येणार नाही. तो तर पुळणीवरूनच निघतो. त्याला दुसरे बंदर नाही.

उत्तर म्हणून युरोपात किनाऱ्याला काटकोनात जाणारी वाट आखली गेली. बोयांच्या दोन ओळी पुळणीपासून निघून बाहेरच्या रांगेपर्यंत जातात. समुद्रातून किनाऱ्याकडे येताना उजव्या हाताला शंकूच्या आकाराच्या, डाव्या हाताला नळकांड्यासारख्या पिवळ्या बोया. या वाटेत पोहायचे नाही, आणि काइटने वाटेबाहेर जायचे नाही. स्पेनमध्ये तारिफासारख्या वाऱ्याच्या गावात उन्हाळ्यात अशा वाटांशिवाय पर्याय नाही. इटलीत बंदर-अधिकाऱ्यांच्या अनेक आदेशांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. वाटेत एका वेळी एकच काइट, आणि किनाऱ्यालगतच्या टप्प्यात फळीवर उभे न राहता पाण्यात आडवे होऊन पतंगामागे ओढत जायचे. असा माणूस सावकाश जातो, त्याचा आपल्या दिशेवर ताबा राहतो आणि त्याची फळी कुणाच्या डोक्याला लागत नाही. पहिल्यांदा वाचताना हा नियम त्रासदायक वाटतो. पण वेगाची मर्यादा आणि खेळाची गरज यांची खरी सांगड घालणारा हाच नियम आहे, असे माझे मत आहे.

वाटेचा आकार नरसाळ्यासारखा, पुळणीपाशी अरुंद आणि बाहेर रुंद, का ठेवतात? कारण काइटबोर्डर सरळ समुद्रात जाऊ शकत नाही. वारा समोरून किंवा तिरका येत असेल तर त्याला तिरपे कापत जावे लागते. सरळ, अरुंद बोळ आखून दिला तर तो नकाशावर शोभून दिसतो आणि प्रत्यक्षात पाळता येत नाही. पाळता न येणारा नियम मोडला जातो, आणि एकदा मोडण्याची सवय लागली की पाळता येणारे नियमही मोडले जातात.

यापुढचा मुद्दा नियम लिहिणारे पुष्कळदा विसरतात. काइटचे गंभीर अपघात खोल पाण्यात कमी आणि वाळूवर किंवा गुडघाभर पाण्यात जास्त, असे जगभरचे प्रशिक्षक सांगतात. उडवताना आणि उतरवताना पतंग जमिनीजवळ असतो, ओढ अचानक येते, आणि पडल्यावर झेलायला पाणी नसते. दोऱ्या वाळूवर पसरलेल्या असताना एखादे मूल त्यात पाय अडकवते आणि त्याच क्षणी झोत येऊन पतंग उठतो. म्हणून पाण्यातल्या वाटेइतकीच वाळूवरची मोकळी जागा महत्त्वाची. दोऱ्यांच्या निदान दुप्पट, म्हणजे सुमारे ५० मीटर खालच्या अंगाला मोकळे असल्याशिवाय पतंग उडवायचा नाही, असे शिकवले जाते. त्या जागेत माणसे, खडक, झाडे, तारा, छत्र्या काहीही नको. पतंग उतरला की दोऱ्या गुंडाळायच्या आणि पतंगावर वाळू टाकून ठेवायची. फ्रेंच आराखड्यांत म्हणूनच वाटेच्या तोंडाशी पुळणीवरही काइटची जागा दाखवलेली असते. जिथे फक्त पाणी वाटून दिले आणि वाळू तशीच सोडली, तिथे काम अर्धेच झाले.

पोहण्याच्या जागेच्या कोणत्या बाजूला काइटची वाट द्यायची, याचे उत्तर वर आलेच आहे: वाऱ्याच्या खालच्या बाजूला. वारा किनाऱ्याला तिरका, उत्तरेकडून येत असेल तर पोहणारे उत्तरेला आणि पतंग दक्षिणेला. मग सुटलेला पतंग, निसटलेली फळी, थकून वाहत चाललेला माणूस, सगळे पोहणाऱ्यांपासून दूर जाते. जागा उलट दिली, तर तीच अंतरे, त्याच बोया आणि तेच झेंडे असूनही धोका शिल्लक राहतो.

वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तेव्हा गणित फिरते. दक्षिण फ्रान्समध्ये ल्यूकात गावाजवळ ट्रामॉन्टान नावाचा कोरडा, जोरदार वारा वायव्येकडून येतो आणि तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर तो जमिनीकडून पाण्याकडे असतो. पुळणीवरचे लोक तेव्हा सुरक्षित असतात, काइटबोर्डर मात्र नसतो. काही बिघडले की तो भूमध्य समुद्रात ओढला जातो. किनाऱ्यामागचे खाजण तिथे काइटवाल्यांना इतके प्रिय आहे त्याचे हे एक कारण: वाऱ्याच्या खालीही किनारा सापडतो. फ्रेंच नियमानुसार काइटने आसऱ्यापासून दोन सागरी मैलांपलीकडे जायचे नाही, फक्त दिवसा जायचे, आणि ३०० मीटरच्या रांगेबाहेर तरंगायला मदत करणारे जाकीट किंवा संरक्षक सूट हवा. फळीवर आणि पतंगावर नाव व फोन लिहावा, असा तिथल्या जीवरक्षक संस्थांचा आग्रह असतो. रिकामी फळी वाहत आली आणि तिच्यावर नाव नसेल तर बोटी आणि हेलिकॉप्टर तासन् तास माणूस शोधत राहतात, आणि तो माणूस कदाचित घरी सुखरूप पोचलेला असतो.

काही ठिकाणी जागेऐवजी वेळ वाटून दिली आहे. हवाई बेटांतल्या माउईवर कनहा किनाऱ्यावर सकाळी अकरापर्यंत वाऱ्याचे खेळ सुरू करायचे नाहीत. सकाळ मासेमारांची आणि पोहणाऱ्यांची. व्यापारी वारे नंतर जोर धरतातच. फ्रान्समधल्या कित्येक गावांत हंगामात गर्दीच्या तासांना काइट बंद आणि हिवाळ्यात सगळी पुळण मोकळी, असे आदेश असतात. अरुंद पुळणीला ही वाटणी फार उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये एकच राष्ट्रीय नियम नाही. तिथे स्थानिक उपविधी चालतात, आणि काइटवाल्यांच्या संघटनेच्या सदस्यत्वातून तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा मिळतो. पोहणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा विमा फार महत्त्वाचा आहे. जखम झाल्यावर दवाखान्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न नियमभंगाच्या दंडाने सुटत नाही.

सरकारी नियमांखाली खेळाडूंचे आपले असे नियमही आहेत, आणि ते बऱ्याचदा अधिक नेमके असतात. दोन पतंग समोरासमोर आले तर वरच्या अंगाचा आपला पतंग उंच धरतो आणि खालच्या अंगाचा खाली, म्हणजे दोऱ्या गुंतत नाहीत. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला आत येणाऱ्याने वाट द्यायची. उंच उडी मारायची तर खालच्या अंगाला ५० मीटर आणि वरच्या अंगाला ३० मीटर मोकळे हवे, कारण उडीत माणूस वाऱ्याबरोबर वाहतो. या ५० आणि ३० मध्ये दिशेचे ज्ञान आहे. सरकारी गोल अंतरात ते नसते. पोहणारा कुठेही असो, चुकून काइटच्या वाटेत आलेला असो, पहिला मान त्याचाच. त्याला हाका मारून हाकलायचे नाही, आपण वळायचे. फ्रान्समध्ये या खेळाचा कारभार बराच काळ पॅराग्लायडिंग पाहणाऱ्या महासंघाकडे होता. वाऱ्याचा अंदाज घेण्याची ती शिस्त या खेळाला तिथून मिळाली असावी, असे मला वाटते.

पोहणारेच काय, पक्षीही या वाटणीत आले आहेत. जर्मनीने २०२३ मध्ये उत्तर समुद्रावरच्या वाडन समुद्र राष्ट्रीय उद्यानांसाठी नवी जलवाहतूक नियमावली लागू केली. तिच्यानुसार ठरवून दिलेल्या जागा सोडून उद्यानाच्या बहुतेक पाण्यात काइट चालत नाही. दलदलीत चरणाऱ्या हजारो पाणपक्ष्यांना डोक्यावरून झेपावणारा पतंग शिकारी पक्ष्यासारखा वाटतो आणि सगळा थवा उठतो. लांबच्या स्थलांतरात साठवलेली ताकद त्यात खर्च होते.

आपल्याकडे हा खेळ आला तो मुख्यतः दोन ठिकाणी: तमिळनाडूत रामेश्वरमच्या परिसरात आणि गोव्यात पेडणे तालुक्यात, मोरजी आणि आश्वे इथे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो अजून नवखा आहे. पण जेट-स्की, केळ्याच्या आकाराच्या फुगवलेल्या बोटी, पॅरासेलिंग आणि पोहणारी माणसे एकाच पाण्यात दिसतात, ते नागाव, काशीद आणि तारकर्लीला. हे सगळे सारख्याच प्रश्नाचे रूप आहे.

पाण्यावर रेघ ओढून दुबळ्याला जागा राखणे कोकण आणि गोव्याला अपरिचित नाही. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर गोव्याच्या किनाऱ्याजवळ येऊ लागले आणि पुळणीवरून रांपण ओढणाऱ्यांच्या जाळ्यांत मासे येईनासे झाले. रांपणकारांनी मोठे आंदोलन केले. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटर पाणी पारंपरिक मासेमारीसाठी राखले गेले. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आजही आहेत, पण तत्त्व मान्य झाले: जवळचे पाणी सावकाश वापरणाऱ्याचे. पोहणारा आणि काइटबोर्डर यांच्यातली ३०० मीटरची रेघ याच तत्त्वावर उभी आहे. गोव्यात २००८ पासून व्यावसायिक जीवरक्षक आहेत आणि लाल-पिवळे झेंडेही आहेत. म्हणजे सुरुवात शून्यातून करायची नाही.

मोरजीत मात्र वाट कुठे द्यायची हे ठरवणे सोपे नाही. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी तिथे वायव्येकडून खारा वारा येतो, पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्याला तिरका. वाऱ्याचे शास्त्र सांगते, की पोहणारे उत्तरेला आणि पतंग दक्षिणेला, शापोरा नदीच्या मुखाकडे. पण नेमका तो दक्षिणेकडचा भाग ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद ही कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नोंदलेली आहेत. माद्या हिवाळ्यात रात्री येऊन अंडी घालतात, वनखाते त्या जागा काठ्या आणि जाळी लावून राखते, आणि पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे जपलेली घरटी आणि वाऱ्याचा हंगाम महिनोन् महिने एकत्र येतात. त्याच मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यांवर हिवाळ्यात कुरव आणि चिखले पक्ष्यांचे थवे उतरतात. आणि ओहोटीला नदीचे पाणी जोराने बाहेर पडते, ते नवशिक्याला वाऱ्याविरुद्ध समुद्रात ओढू शकते.

माझ्या मते इथे माउईची वेळ आणि युरोपातली वाट, दोन्ही एकत्र लागतील. सकाळ रांपण आणि पोहणाऱ्यांना. दुपारनंतर घरट्यांच्या उत्तरेला एकच नरसाळ्याच्या आकाराची वाट, तिच्या तोंडाशी काळे-पांढरे झेंडे आणि वाळूवर ५० मीटर मोकळी जागा. त्या वाटेच्या उत्तरेला पोहण्याचे लाल-पिवळे झेंडे. नदीच्या मुखापाशी पूर्ण मनाई, विशेषतः ओहोटीच्या तासांत. आराखडा करताना जीवरक्षक, काइट शिकवणारे, वनखात्याचे कासवरक्षक आणि मोरजीचे मासेमार या चौघांना एकत्र बसवावे लागेल, आणि बैठक एप्रिलच्या दुपारी पुळणीवरच घ्यावी लागेल.